पाच जणांचा खेळ



आज मी तुम्हाला एका खेळाची गोष्ट सांगणार आहे. कोणी म्हणेल, "खेळ पोरांचा. आम्हां कष्टकऱ्यांना त्याचं काय?" पण जरा थांबा. ही गोष्ट जशी खेळाची, तशीच कामाची आहे.

या खेळाचे नाव बास्केटबॉल. बास्केट म्हणजे टोपली. बॉल म्हणजे चेंडू. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड या गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकांनी हा खेळ सुरू केला. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो. मग मुलांनी छपराखाली काय खेळावे? नेस्मिथ यांनी फळांच्या दोन टोपल्या दोन टोकांना उंच टांगल्या. टोपलीत चेंडू टाकायचा, असा खेळ ठरला.

आता टोपलीच्या जागी लोखंडी कडे असते. ते जमिनीपासून दहा फूट उंच असते. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू असतात. चेंडू हातात धरून पळायचे नाही, हा मोठा नियम आहे. चेंडू आपटत आपटत न्यायचा, नाहीतर सोबत्याकडे टाकायचा.

आता गोष्ट ऐका. अमेरिकेत इंडियाना नावाचे राज्य आहे. तिथे मायलन नावाचे एक लहान गाव आहे. १९५४ साली तेथील हायस्कुलात सगळी मिळून १६१ मुले-मुली होती. त्या काळी इंडियानात लहान शाळा आणि मोठ्या शाळा एकाच स्पर्धेत खेळत. लहानाला वेगळी सवलत नव्हती.

मायलनच्या मुलांचे मार्गदर्शक होते मार्व्हिन वुड. वय अवघे २६ वर्षे. १९५३ साली त्यांचा संघ शेवटच्या चार संघांपर्यंत पोचला आणि तेथे हरला. पण त्यांनी खेळ सोडला नाही. पुढल्या वर्षी ते पुन्हा आले आणि थेट अंतिम सामन्यात पोचले.

सामना होता २० मार्च १९५४ रोजी, इंडियानापोलिस शहरात. समोर मन्सी सेंट्रल ही मोठी शाळा होती. तिने आधी चार वेळा ही स्पर्धा जिंकलेली. तिची मुले उंच होती. पाहायला सुमारे १५,००० माणसे बसली होती.

शेवटच्या भागात मायलन दोन गुणांनी मागे पडले. चेंडू बॉबी प्लम्प या मुलाच्या हातात होता. मागे पडलेला माणूस काय करील? घाईघाईने चेंडू फेकील. पण प्लम्प चेंडू धरून उभा राहिला. एक मिनिट नाही, दोन नाही, चार मिनिटांहून जास्त! तेव्हाच्या नियमात ते बसत होते.

मग त्याने चेंडू टाकला. तो कड्यात गेला नाही. पण त्याचा सोबती रे क्राफ्ट तयार होता. लवकरच त्याने बरोबरी साधली. पुढे दोन्ही बाजूंचे ३० गुण झाले. १८ सेकंद उरले. खेळ थांबवून मुलांनी विचार केला. ठरले, की चेंडू प्लम्पने टाकायचा आणि बाकीच्या चौघांनी एका बाजूला सरकून त्याला जागा मोकळी करून द्यायची. तसेच झाले. प्लम्पने चेंडू टाकला, तो कड्यातून गेला, आणि मायलन ३२ विरुद्ध ३० गुणांनी जिंकले. गाव करी ते राव न करी, म्हणतात ते असे.

आता यातून आपण काय घ्यायचे?

पहिली गोष्ट. घाई करू नये, पण हातही सोडू नये. पाऊस लांबला म्हणून कोरड्यात बी टाकून चालते का? थांबायचे, पण तिफण तयार ठेवून थांबायचे. एक वर्ष हरलो तर दुसऱ्या वर्षी पुन्हा उभे राहायचे.

दुसरी गोष्ट. एक चुकला तर दुसऱ्याने सावरायचे. स्लॅब टाकताना घमेली हातोहात जातात. मधल्या एकाचा हात चुकला, तर त्याला शिव्या देऊन काम पुढे सरकत नाही. शेजारच्याने हात लावला तरच सरकते. भांडण करायचे असेल तर काम झाल्यावर करावे. बहुधा तोवर रागच उरत नाही!

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. प्लम्पचे नाव झाले, ते योग्यच झाले. पण ते चौघे बाजूला सरकले नसते तर? बाजूला सरकणे हेही त्या वेळी कामच होते. विहिरीला पाणी लागले तेव्हा पहार एकाच्या हातात असते. म्हणून का विहीर त्याने एकट्याने खोदली? मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायांनीही ती खोदली. तेव्हा नाव घेताना आणि मजुरी वाटताना त्यांना विसरू नका. ज्या टोळीत एकच जण मोठेपणा घेतो, ती टोळी पुढल्या कामाला एकत्र राहत नाही.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. या खेळात गुण फलकावर मांडतात. सगळ्यांना दिसतात. म्हणून कोण किती पुढे, यावर वाद होत नाही. तुमचा बचत गट असो, दूध संस्था असो, नाहीतर ऊसतोडीची टोळी असो, हिशेब असाच उघडा ठेवा. किती आले, किती गेले, कोणाला किती दिले, ते वहीत लिहा. महिन्यातून एकदा सर्वांपुढे मोठ्याने वाचा. आजवर वाचता येत नव्हते, म्हणून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत होते. आता तुम्हाला अक्षर येते, आकडा येतो. "दादा, वही जरा इकडे द्या, मी वाचते," असे कोणा ताईने म्हटले तर कोणी रागावू नये.

खेळात शिट्टी वाजवायला पंच असतो. कामावर पंच नसतो. तेथे उघडी वही हाच आपला पंच. ती वही वाचायला या आठवड्यापासूनच सुरुवात करा.