हाताला काम, तोंडाला मोकळीक
(गणेशोत्सवाच्या तयारीसाठी आषाढात तिरुवैयारु येथे झालेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



आज सजावटीचा विषय चर्चेला आहे. यंदा मखर आणि मंडपाची आरास कंत्राटाने करून घ्यावी, अशी सूचना आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. कोणालाच वेळ नाही, कामाच्या वेळा जुळत नाहीत, मुलांच्या परीक्षा असतात. बाहेरची माणसे दोन दिवसांत काम उरकतील आणि ते आपल्यापेक्षा सुबक होईल, हेही मला मान्य आहे. तरी मखर कंत्राटाने दिले तर त्याच्याबरोबर आपण आणखी काही देऊन टाकू, आणि ते कोणत्याही बिलात दिसणार नाही. ते काय, एवढेच मला सांगायचे आहे.

प्रथम आपण कोणत्या मुलखात राहतो ते पाहू. इथून बारा-तेरा किलोमीटरवर तंजावर. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तिथे भोसल्यांचे राज्य उभे केले, ते १८५५ पर्यंत चालले. बृहदीश्वराच्या देवळातला १८०३ सालचा मराठी शिलालेख आणि सरस्वती महालातली मराठी हस्तलिखिते आपण पाहुण्यांना आवर्जून दाखवतो. पण त्या दरबाराच्या आश्रयाने वाढलेली आणखी एक गोष्ट आज आपल्या प्रत्येकाच्या घरी भिंतीवर आहे, ती म्हणजे तंजावर चित्र.

हे चित्र तयार कसे होते? फळीवर कापड चिकटवायचे. त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचे लेप द्यायचे, ते घोटून गुळगुळीत करायचे. मग रेखाटन. मग दागिने, महिरप, खांब यांना त्याच लगद्याने उठाव द्यायचा, खडे बसवायचे, सोन्याचा वर्ख लावायचा आणि शेवटी रंग भरायचे. कारखान्यात ही सगळी कामे एकच माणूस करताना क्वचितच दिसेल. एकजण फळ्या तयार करतो, दुसरा खडे बसवतो, तिसरा वर्ख लावतो, आणि देवाचा चेहरा व डोळे उस्ताद स्वतः रंगवतो. जुन्या चित्रांवर बहुधा चित्रकाराचे नाव नसते. चित्र अनेक हातांचे असले तर नाव कोणाचे घालायचे?

तंजावरच्या वीणेचेही तेच. फणसाचे लाकूड कोरणारा हात एक, आणि मेणावर चोवीस पडदे सुरात बसवणारा कान दुसरा. म्हणजे चारजणांनी मिळून एक वस्तू घडवायची ही या मातीची रीतच आहे. आपल्याला ती नव्याने शिकायची नाही.

आणि आपण महाराष्ट्रातून आलो तेही हेच पाहत आलो. आमच्या आईच्या वेळी गोधडी एकटीने कोणी शिवत नसे. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची, चारी बाजूंना चौघींनी बसायचे आणि कडेकडून धावदोरा घालत आत सरकायचे. उन्हाळ्यात कुरडया, पापड. घराघरांतला पाट आणि लाटणे घेऊन बायका एकीच्या ओसरीवर जमत, आज हिचे पापड, उद्या तिचे. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायका ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या आणि त्यातून लिज्जतचा केवढा व्याप झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचा हिशोब आपण नेहमी रुपयांत सांगतो. मला मात्र वाटते की त्या सातजणी दुसऱ्या दिवशी पुन्हा गच्चीवर आल्या, त्यात एकत्र बसण्याच्या गोडीचाही वाटा असणार.

ही गोडी कशात आहे, याचा मी आमच्या रविवारच्या बैठकीत बसून पुष्कळ विचार केला आहे. चार वर्षांपूर्वी मखरासाठी जमलेल्या आम्ही काहीजणी उत्सव संपल्यावरही रविवारी दुपारी जमत राहिलो. आता आठ-दहाजणी असतो आणि तीन-चार पुरुषही येतात. कधी कागदाच्या लगद्याचे काम, कधी विणकाम, कधी नवरात्रातल्या तमिळ घरांच्या कोलूसाठी बाहुल्यांचे कपडे.

माझ्या ध्यानात आले ते असे. नुसते भेटायला जमलो की एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलावे लागते. विषय संपला की अवघडल्यासारखे होते, मग कोणीतरी दूरदर्शन लावते. हातात काम असले की नजर कामावर राहते आणि तोंड मोकळे होते. मध्येच पाच मिनिटे कोणी बोलले नाही तरी चालते. कात्रीचा आवाज पुरतो.

गेल्या वर्षी एक नवी मुलगी आमच्यात आली. लग्न होऊन सोलापूरकडून थेट इथे. तमिळचा एक शब्द येत नव्हता, नवरा दिवसभर कामावर. पहिले तीन रविवार ती नुसती कागद कापत होती. "कशी आहेस?" म्हटले की "बरी आहे" एवढेच. आम्हीही खोदून विचारले नाही, फक्त कापायला आणखी कागद दिले. चौथ्या रविवारी कापता कापता, मान वर न करता, ती आपणहून बोलू लागली आणि तासभर बोलत राहिली. समोरासमोर खुर्चीवर बसवून विचारले असते तर ती कधीच बोलली नसती.

त्याच बैठकीत इथल्या एका जुन्या मराठी घराण्यातल्या आजी येतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांची मराठी आपल्याला जुनी वाटते, आणि त्यांना आपली फार घाईची वाटते. एकदा पापडाचे उडदाचे पीठ भिजवले होते. सोलापूरची मुलगी सहज म्हणाली, "डांगर फार घट्ट झालंय." आजी चमकून म्हणाल्या, "डांगर? हा शब्द तुमच्याकडेही आहे?" त्यांच्या घरी उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पचडी पिढ्यान्‌पिढ्या होते. हा शब्द फक्त तंजावरातच उरला असावा, अशी त्यांची समजूत होती. साडेतीनशे वर्षे आणि हजारभर किलोमीटर दूर राहून दोन घरांनी एकच शब्द जपला होता, आणि तो सापडला पिठात हात असताना. व्याख्यानातून हे साधले नसते, हे मी व्याख्यान देत असतानाच सांगते!

आता मुलांचे. आपली मुले शाळेत तमिळ आणि इंग्रजी बोलतात. "मराठीत बोल" म्हटले की गप्प बसतात. पण "सुतळी दे", "डिंक पातळ कर", "जरा ताणून धर" हे त्यांना समजावेच लागते, नाहीतर मखर कलंडते. आमच्या बैठकीतली मुले खळ, चुणी, महिरप, झालर हे शब्द शिकली आहेत. शिकवले कोणी नाही.

दोन-तीन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, "आम्हाला कला येत नाही." आपल्या गावात दरवर्षी पौष वद्य पंचमीला त्यागराजस्वामींच्या समाधीपाशी काय होते ते आठवा. पाच पंचरत्न कृती सर्वजण एकत्र गातात. नामवंत विद्वान आणि कालपरवा शिकू लागलेली मुले एकाच बैठकीत असतात. एखाद्याचा सूर थोडा इकडे-तिकडे झाला तरी सगळ्यांच्या आवाजात सामावून जातो. मखराचेही तसेच. वाकडे कापलेले पान झालरीत कुठे आहे, हे बाप्पालासुद्धा शोधावे लागेल.

दुसरा, "भांडणे होतात." होतात ना. रंगावरून होतात, कोणी उशिरा आले म्हणून होतात. पण मखर वेळेत उभे करायचे असते, म्हणून भांडण मिटवावेही लागते. घरी बसून धरलेला अबोला वर्षभर टिकतो.

तिसरा, "वेळ नाही." याला माझे उत्तर असे की काम वाटून घ्या. ज्याला अर्धाच तास आहे त्याने अर्धा तास डिंक लावून जावे.

तेव्हा माझी सूचना अशी. मांडवाचे बांबू, विजेची रोषणाई, ध्वनिक्षेपक ही कामे खुशाल कंत्राटाने द्या. उंचावर चढणे आपले काम नाही. मखर मात्र आपल्या हातात ठेवा. त्यात थर्माकोल नको. तंजावरला नेट्टीचे काम करणारे कारागीर आहेत. नेट्टी म्हणजे पाणथळीत वाढणाऱ्या झाडाचा पांढरा हलका गाभा, आपण ज्याला भेंड म्हणतो तो. या कामाला २०२० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. एखाद्या कारागिराला रीतसर मानधन देऊन एक रविवार बोलावू आणि शिकून घेऊ. महिरपीसाठी कागदाचा लगदा करू. त्यात मेथी वाटून घातली की कीड लागत नाही. तमिळ भगिनींनी मातीच्या पिळ्ळैयारला गुंजांचे डोळे आणि वर कागदी छत्री कशी करतात ते मुलांना शिकवावे. रुईचा हार आपल्याकडे मारुतीला, इथे गणपतीला. तोही ओवू.

चार रविवार पुरतील, दुपारी तीन ते सहा. कॉफी समितीची. कात्री मात्र ज्याने त्याने घरून आणावी, समितीच्या दोनच आहेत आणि त्यातली एक चालत नाही.

 गणपती बाप्पा मोरया!