अवतरणचिन्हांतला शब्द



वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी एक कविता एका मासिकात छापून आली. कविता अम्माच्या चुलीवरची होती आणि तिच्यात सालन हा शब्द होता. अंक हातात आला तेव्हा पाहिलं, तर त्या शब्दाला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लागलेली आणि पानाच्या तळाशी टीप, सालन म्हणजे रस्सा. संपादकांचा हेतू चांगलाच होता. वाचकाचं कुठं अडू नये, एवढंच त्यांना वाटलं असणार. पण आपल्याच घराच्या दारात आपल्याला कुणी ‘कोण पाहिजे?’ असं विचारावं, तसं मला झालं. मी काही बोललो नाही. कविता छापून आली, याचाच आनंद मोठा होता.

हे सगळं पुन्हा आठवलं ते एका पुस्तकामुळे. माझा भाचा अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. सुट्टीत येताना त्यानं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून माझ्यासाठी मुलाखतींचा एक संग्रह आणला. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं, त्यामुळे शेजारी शब्दकोश ठेवून वाचत गेलो. हुआन ब्रूस-नोवोआ या अभ्यासकानं १९८० मध्ये प्रसिद्ध केलेलं हे पुस्तक. त्यात चौदा चिकानो लेखकांच्या मुलाखती आहेत.

चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन. मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्युबा, डॉमिनिकन रिपब्लिक अशा ठिकाणी ज्यांची मुळं आहेत, त्या सर्वांना मिळून तिथं लॅटिनो म्हणतात. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या सहा कोटींच्या वर, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ १९ टक्के भरली. हे सगळे काल-परवा आलेले, असंही नाही. १८४८ च्या तहानं मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला. तिथले मेक्सिकन आपापल्या गावातच राहिले आणि सीमा त्यांच्यावरून पुढे सरकली.

ब्रूस-नोवोआनं एक युक्ती केली आहे. सर्वांना जवळजवळ तेच प्रश्न विचारले. घरात पहिली भाषा कोणती होती? लिहिता कोणत्या भाषेत? प्रश्न सारखे, पण उत्तरं मात्र एकाची दुसऱ्यासारखी नाहीत. मला या पुस्तकातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटली. बाहेरून पाहणाऱ्याला हे चौदाजण एकाच गठ्ठ्यातले दिसतात. प्रत्येकाला निवांत बोलू दिलं, की गठ्ठा सुटतो.

त्यांतले एक तोमास रिवेरा. आईवडील शेतमजूर. हंगाम आला की टेक्सासहून कुटुंब उत्तरेकडे कामाला निघायचं, थेट आयोवापर्यंत. आपल्याकडच्या ऊसतोड कामगारांसारखंच. आयोवातल्या एका गावात ग्रंथपाल बाईंनी या मुलाला वाचनालयात बसवलं, पुस्तकं दिली. ती आठवण रिवेरांनी जन्मभर जपली. पुढे पॅट मोरा या कवयित्रीनं त्यावर मुलांसाठी गोष्टीचं पुस्तक लिहिलं. रिवेरा प्राध्यापक झाले, १९७९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेचे प्रमुख झाले. सगळा कारभार इंग्रजीत. पण शेतमजुरांच्या आयुष्यावरचं त्यांचं पुस्तक १९७१ मध्ये आलं ते स्पॅनिशमध्ये. ज्यांची गोष्ट, त्यांचीच भाषा.

उलट सांद्रा सिस्नेरोस. शिकागोत १९५४ साली जन्मलेली, सहा भावांत एकटी बहीण. ती लिहिते इंग्रजीत. आयोवाच्या प्रसिद्ध लेखन कार्यशाळेत शिकत असताना वर्गात एका फ्रेंच तत्त्वज्ञाच्या घराविषयीच्या पुस्तकावर चर्चा चालली होती. इतर विद्यार्थी माळ्यांबद्दल, जिन्यांबद्दल सहज बोलत होते. हिला कळेना, हे कोणतं घर? आपलं घर म्हणजे भाड्याच्या खोल्या. आधी तिला शरम वाटली, मग राग आला आणि मग लक्षात आलं, की या वर्गात जे कुणालाच ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे. त्यातून ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ हे पुस्तक उभं राहिलं. ते १९८४ मध्ये ह्यूस्टनच्या आर्ते पुब्लिको या छोट्या प्रकाशन संस्थेनं काढलं. त्यात ४४ छोटी छोटी प्रकरणं आहेत. कुठलंही पान उघडावं आणि तेवढंच वाचलं तरी काहीतरी हाती लागावं, अशी तिची इच्छा होती. कविता आणि कथा यांच्या मधली ही जागा तिनं हिशेबानं निवडली. कारागिरी म्हणतात ती हीच.

तिसरा जुनो दियाझ. सहाव्या वर्षी डॉमिनिकन रिपब्लिकमधून न्यू जर्सीत आला, पुढे २००८ मध्ये कादंबरीसाठी पुलित्झर मिळवलं. याचं इंग्रजी वाचताना मध्येच स्पॅनिश शब्द येतात. तिरक्या टायपात नाहीत, अवतरणचिन्हांत नाहीत, त्यांचा अर्थही दिलेला नाही. २००० सालच्या एका मुलाखतीत त्याला याबद्दल विचारलं. त्याचं म्हणणं असं, की स्पॅनिश ही काही अल्पसंख्याकांची भाषा नव्हे. या भूखंडात नाही आणि माझ्या डोक्यातल्या जगात तर नाहीच. मग तिला परकी म्हणून वेगळं का बसवायचं?

हे वाचलं आणि पुस्तक मिटून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. माझं सालन आठवलं.

सगळ्यांना असंच वाटतं असंही नाही. रिचर्ड रॉड्रिगेझ या लेखकानं १९८२ च्या आत्मकथनात उलट बाजू मांडली. घरची भाषा घरात ठेवावी, शाळेत मुलानं सर्वांची भाषा शिकावी, तीच त्याला समाजात उभं करते, असं त्याचं मत. त्याच्यावर पुष्कळ टीका झाली. पण मला तोही खोटा वाटत नाही. इंग्रजी शिकताना आईवडिलांशी बोलणं कमी होत गेलं, हे त्यानं लपवलेलं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं. कवी म्हणून तीस वर्षं गावोगाव हिंडलो. कार्यक्रम संपल्यावर लोक प्रेमानं जवळ येतात आणि म्हणतात, ‘मुस्लिम असूनही तुमचं मराठी किती शुद्ध!’ त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण ते असूनही मला टोचतं. शेख महंमद श्रीगोंद्याला ‘योगसंग्राम’ लिहून गेले त्याला साडेतीन शतकांहून अधिक काळ झाला, तरी आमचा पाहुणचार अजून चालूच! आणि त्या कौतुकात एक गोष्ट राहूनच जाते. ही ओळ इथं का तोडली, हा शब्द का निवडला, हे मला कुणी विचारत नाही. लॅटिनो लेखकांच्या मुलाखतींतही हे दिसतं. मुलाखतकार ओळखीबद्दल, स्थलांतराबद्दल विचारत राहतो, तोवर लेखक पाठ केल्यासारखा बोलतो. वाक्याबद्दल विचारलं, की तो सावरून बसतो. लेखकाला मान द्यायचा तर त्याच्या लिहिण्याबद्दल विचारावं, इतकं साधं आहे हे.

सिस्नेरोसनं वडिलांची एक हकिगत लिहिली आहे. मेक्सिकोतून आलेले वडील खुर्च्या-सोफ्यांना गाद्या-कापड बसवण्याचं काम करायचे. ते स्पॅनिशच वाचायचे, म्हणून मुलीचं लिखाण त्यांच्यापर्यंत पोचायचंच नाही. एका नाताळात तिनं आपल्या कथेचा स्पॅनिश अनुवाद त्यांच्या हाती ठेवला. त्यांनी तो पडल्या पडल्या सावकाश, पुरता वाचला आणि विचारलं, नातेवाइकांना द्यायला याच्या आणखी प्रती कुठं मिळतील? त्या वर्षी तिच्या आयुष्यात बरंच काही चांगलं घडलं होतं, पण तिला हे सर्वांत मोठं वाटलं.

माझी अम्मा मराठी बोलायची, पण तिला वाचता येत नसे. ती मासिकातली कविता तिनं कधी पाहिली नाही. पुढे तीच कविता मी आकाशवाणीवर वाचली, तेव्हा मोहल्ल्यातल्या बायका गोळा करून तिनं ती ऐकली. मी घरी आल्यावर म्हणाली, ‘सालन बोल्या ना तू? सुनी मैं.’ कवितेबद्दल बाकी काही बोलली नाही. रेडिओवर अवतरणचिन्हं ऐकू येत नाहीत, श्रोतेहो. तळटीपही ऐकू येत नाही. तिच्यापर्यंत तिचा शब्द तिच्या चुलीवरून आला तसाच पोचला.

नंतर माझा संग्रह निघाला, त्यातही ती चिन्हं तशीच राहिली. काढायचं मला सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही म्हणा. कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघणं किती अवघड, हे तुम्ही जाणताच. पण कधी निघालीच, तर ती दोन चिन्हं मी माझ्या हातानं खोडणार आहे.