कुलूप नसलेली कपाटं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला बजावलंय, "पाच मिनिटं बोल आणि शाळेच्या आठवणी सांग." आठवणी रंगवून सांगणारी माझ्यापेक्षा सरस माणसं इथं बसली आहेत. मी बोलणार आहे एका गावाबद्दल, पण सुरुवात शाळेतल्या कपाटापासून करावी लागेल.

मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचं ते जाळीच्या दारांचं कपाट आठवतंय ना? आत पुस्तकं, बाहेर कुलूप. शनिवारी शेवटच्या तासाला मराठीच्या बाई किल्ली घेऊन यायच्या. खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक आठवडाभरासाठी हातात पडायचं. कोणतं मिळेल ते आपलं नशीब. मधली पानं फाटलेली असली तर गोष्ट आपल्या मनानं पुरी करायची. आमच्या घरी पंचांग आणि पोथी सोडली तर छापील कागद नव्हता. मला वाचक केलं ते त्या कपाटानं.

गेल्या नाताळच्या सुटीत मुलगा, सून आणि नात बंगळुरूहून आले होते. सगळे मिळून महाबळेश्वरला गेलो. वाटेत पाचगणी सोडल्यावर भिलार लागतं. गाव मूळचं स्ट्रॉबेरीचं. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं. शासनाचा आणि राज्य मराठी विकास संस्थेचा हा उपक्रम. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तकं ठेवली. कुठं कादंबऱ्या, कुठं कविता, कुठं संतसाहित्य, कुठं इतिहास. ही ठिकाणं म्हणजे बहुतेक गावकऱ्यांची राहती घरंच. चपला काढायच्या, आत जायचं, हवं ते पुस्तक घ्यायचं आणि वाचत बसायचं. पैसे नाहीत, विक्री नाही.

बालसाहित्याच्या घरात आम्ही शिरलो. घरच्या ताई म्हणाल्या, "बसा निवांत," आणि आपल्या कामाला निघून गेल्या. मी मात्र कपाटाला कुलूप कुठं आहे ते शोधत होतो. जुनी सवय!

नऊ वर्षांच्या नातीनं चित्रांचं एक पुस्तक उचललं आणि बापाकडे दिलं, "बाबा, वाचून दाखव." तिच्या शाळेत मराठी नाही. ती मराठी बोलते छान, वाचता येत नाही. मुलानं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीत जोडाक्षराला अडखळला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबला. मग हसून म्हणाला, "पप्पा, तुम्हीच वाचा."

मी वाचलं. नात खूष झाली. पण माझा आवाज काही जागेवर नव्हता. कारण त्याला इंग्रजी शाळेत घालणारा मीच. त्याचा मला पश्चात्ताप नाही, त्याचं भलंच झालं. चूक वेगळी झाली. दहावीपर्यंत मराठी हा विषय त्याला होता, तो मार्कांपुरता राहिला. घरात मी त्याच्या हाताला लागेल असं एक मराठी पुस्तक ठेवलं नाही. शाळेच्या कपाटाला निदान किल्ली होती, आमच्या घरात कपाटच नव्हतं.

घरी आल्यावर या विषयावर थोडं वाचलं. भिलारची कल्पना सुचली ती ब्रिटनमधल्या वेल्सच्या 'हे-ऑन-वाय' या गावावरून. ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. त्याच वेल्समध्ये समुद्रकाठी 'नांत गुर्थेर्न' नावाची एक वस्ती आहे. तिथं ग्रॅनाइटच्या खाणी होत्या, कामगारांची घरं होती आणि दगड जहाजांनी बाहेर जायचा. खाणी बंद पडल्या, माणसं गेली, घरांची छपरं कोसळली. आपण दहावी झालो त्याच वर्षी, म्हणजे १९७८ साली, कार्ल क्लाउझ नावाच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं एका विश्वस्त संस्थेनं ती ओसाड वस्ती विकत घेतली. घरं दुरुस्त केली आणि तिथं वेल्श भाषेचे वर्ग सुरू केले. आज माणसं तिथं मुक्कामाला राहून ती भाषा शिकतात. वेल्श बोलणारे पाच लाखांच्या आसपास. आपण आठ कोटींच्या वर. म्हणूनच कदाचित आपण इतके निर्धास्त आहोत.

आपल्याकडे वारशाला तोटा नाही. शेजारच्या पैठणला एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. सहलीला एसटीतून गाणी म्हणत आपण ज्या वेरूळला गेलो, त्याचीही निवड भिलारनंतर पुस्तकांच्या गावासाठी झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपल्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं फिरली. मीही पाठवली. त्याच माझ्या घरात तिसऱ्या पिढीला मराठी पाटी वाचता येत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या बॅचनं जमवलेल्या निधीतून शाळेला कमान बांधायची आणि तिच्यावर आपली नावं कोरायची, असं घाटतंय. राग मानू नका, पण मला ते पटत नाही. त्याऐवजी व्हरांड्यात मुलांच्या हाताला येतील अशी उघडी फडताळं करू. पुस्तकं हरवतील, फाटतील. हरवू देत. दरवर्षी नवी आणू. आणि नुसती पुस्तकं देऊन मोकळं व्हायचं नाही. महिन्यातून एका शनिवारी आपल्यापैकी कुणीतरी जाऊन मुलांना वाचून दाखवायचं. निवृत्त झालो आहोत, वेळ आहे, चष्मेही आहेत.

नातीला मी रोज रात्री फोनवर एक पान वाचून दाखवतो. गेल्या आठवड्यापासून ती पानाचा फोटो मागवून घेते आणि पहिली ओळ स्वतः वाचते. जोडाक्षर आलं की फोनवर शांतता पसरते. मागून मुलाचा आवाज येतो, तो हळूच सांगतो. कधी बरोबर, कधी चूक.

पहिला शनिवार मी माझ्या नावावर लिहून टाकला आहे. उरलेले अकरा तुम्ही वाटून घ्या. बाई समोरच बसल्या आहेत, हजेरी त्याच घेतील.