दोन प्रोजेक्टांची सोयरीक

लग्नाच्या व्हिडिओच्या संकलनाला आपल्या उपनगरांत अजूनही ‘मिक्सिंग’ म्हणतात. कॅसेटच्या जमान्यात दोन व्हीसीआर आणि मध्ये मिक्सर, असा थाट असे. मिक्सर गेला, शब्द राहिला. अंधेरीतल्या माझ्या छोट्याशा खोलीत आज एक संगणक, दोन पडदे आणि हार्ड डिस्कचा ढीग आहे, तरी गिऱ्हाईक विचारते, “मिक्सिंग कधी होणार?”

मागे मुलुंडच्या एका घरचे लग्न होते. हळद माझ्या मुलुंडच्या तरुण सहकाऱ्याकडे, लग्न आणि स्वागतसमारंभ माझ्याकडे. शेवटी दोन्ही जोडून एकच फिल्म द्यायची होती. हळदीत एक छोटा तुकडा होता. नवरीची आजी बोळात खुर्चीवर बसून नातीच्या गालाला हळद लावते आहे. कुणीतरी मोबाइलवर काढलेला, अंधारलेला, हलणारा. माझ्या सहकाऱ्याने त्यावर दोन दिवस घातले होते. थरथर काढली, रवाळपणा पुसला, चेहऱ्यावर उजेड आणला. लग्नानंतर पंधरा दिवसांत आजी गेल्या. आता त्या फिल्ममध्ये घरच्यांना पाहायचे होते ते तेवढेच.

मी त्याचा प्रोजेक्ट माझ्या संगणकावर उघडला, त्याच्या टाइमलाइनवरचे तुकडे उचलले आणि माझ्या टाइमलाइनवर डकवले. वाजवून पाहतो तर आजी पुन्हा अंधारात. फोन केला. तो म्हणाला, “दादा, माझ्याकडे तर सगळं नीट दिसतंय.”

त्याचेही खरे होते. यात गोम अशी, की संगणकावर केलेली करामत चित्रात नसतेच. प्रोजेक्ट ही नुसती चिठ्ठी असते: अमुक फाइल घ्या, इथपासून इथपर्यंत दाखवा, तिच्यावर अमुक प्रक्रिया करा. मूळ फाइलला कुणी हात लावत नाही. फिल्मच्या काळात असे नव्हते. ‘संत तुकाराम’ (1936) मधले वैकुंठगमन प्रभातच्या मंडळींनी फिल्मवरच उतरवले. ती रिळे कुणीही कुठेही जोडली तरी विमान खाली पडायचे नाही! आमची विमाने मात्र चिठ्ठीवर उडतात.

आजींच्या तुकड्याचे काय काय बिनसले? रवाळपणा काढणारे प्लग-इन माझ्याकडे नव्हतेच. चिठ्ठीत नाव आहे, पण औषध दुकानात नाही. थरथर काढणाऱ्या प्रक्रियेला तुकडा आणि टाइमलाइन यांचे माप एकच लागते. त्याची टाइमलाइन 1920 गुणिले 1080 ची, माझी 3840 गुणिले 2160 ची, म्हणून तिने चित्रावर इशाऱ्याची पट्टी टाकून काम थांबवले. आणि उजेड? तो तुकड्यावर नव्हताच. वरच्या ट्रॅकवर ‘अ‍ॅडजस्टमेंट लेयर’ होता. खालच्या सगळ्या चित्रांवर अंथरलेली पारदर्शक चादर म्हणा. मी तुकडे उचलले, चादर तिथेच राहिली.

खरे तर उपाय साधा होता, मला सुचायला हवा होता. तुकडे उचलायचेच नाहीत. त्याची आख्खी टाइमलाइन एका गाठोड्यासारखी माझ्या मुख्य टाइमलाइनवर ठेवायची. याला आम्ही ‘नेस्ट’ म्हणतो. गाठोड्याच्या आत माप त्याचे, चादर त्याची. बाहेर फक्त आकार जुळवायचा. त्याआधी दोघांनी सॉफ्टवेअरची एकच आवृत्ती वापरायची, कारण नव्या आवृत्तीत जपलेला प्रोजेक्ट जुनी उघडत नाही. सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये गोळा करून पाठवायच्या, नाहीतर ‘मीडिया ऑफलाइन’ ही लाल पाटी ठरलेली. दोघांचे सॉफ्टवेअरच वेगळे असेल तर मधल्या एक्सएमएल फाइलवर फार विसंबू नये. ती काटछाट नेते, बाहेरच्या प्लग-इनचे काम बहुधा वाटेत सांडते.

राहिले प्लग-इन. ते नुसत्या गाठोड्याने येत नाही. तो तुकडा त्याच्याच संगणकावर पक्का करून घेणे भाग होते. दुसऱ्या दिवशी तो लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी, असा हार्ड डिस्क घेऊन आला. तुकडा प्रोरेसमध्ये पक्का करून आणला होता. तो आम्ही गाठोड्यात मूळ तुकड्याच्या वर ठेवला, खालचा नुसता बंद केला, काढून टाकला नाही. पक्के केलेले चित्र पुन्हा बदलता येत नाही. उद्या कुणी म्हणाले, उजेड जरा कमी करा, तर मूळ चिठ्ठी हवी.

आणि एकट्या चिठ्ठीवरही भिस्त ठेवू नये. 2011 साली फायनल कट प्रोची नवी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात जुन्या आवृत्तीचे प्रोजेक्ट उघडेनात. ज्यांनी तयार चित्र जपले नव्हते, त्यांच्यापुढे जुने यंत्र सांभाळत बसण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. तेव्हापासून मी दोन्ही ठेवतो. डिस्कचा खर्च वाढतो, बायको कटकट करते, ते वेगळे.

नवरीची आई पेन ड्राइव्ह न्यायला आली. आजींचा तुकडा तिने तीनदा लावायला सांगितला. मग विचारले, “ते आधीचं, हलणारं, तुमच्याकडे आहे का?” मी म्हटले, आहे, पण ते खराब आहे. “असू दे,” ती म्हणाली, “त्यात शेवटी आई काहीतरी बोलते. तुम्ही ते कापलंय.”

मी ती फाइलही पेन ड्राइव्हवर घालून दिली.