मोसंबीतली घडी



पाचोडच्या बाजारातली मोसंबी हातात घ्या.
तिच्या पेशीपेशीत आरएनएचे धागे आहेत.
काही धागे स्वतः राबतात… प्रथिनं जोडतात.

धागा कामही करतो, हे शास्त्रज्ञ थॉमस चेक यांनी १९८२ मध्ये दाखवलं.
मला आजही याचं नवल वाटतं!

पण आधी धाग्याची घडी नीट बसायला हवी.
धाग्यातली जोडीची रासायनिक अक्षरं जुळतात… छोटे पीळ पडतात.
मग पीळ जवळ येऊ पाहतात.
पण सगळ्या धाग्यावर ऋण भार…
म्हणून पीळ एकमेकांना ढकलतात.

तिथं मॅग्नेशियम येतं.
ढकलाढकल शमते… घडी बसते.
घडी बसली, की काम सुरू.

शेतकरी बंधू-भगिनींनो,
मोसंबीचं जुनं पान पिवळं पडतं,
देठाकडं हिरवा त्रिकोण उरतो…
तेव्हा आपण फवारतो, तेच हे मॅग्नेशियम.