हात लावून वाचण्याचे दालन



शताब्दीच्या व्यासपीठावरून ग्रंथांची थोरवी गावी, असा शिरस्ता आहे. मी मात्र ग्रंथ ज्या द्रव्यांचा बनतो त्यांविषयी बोलणार आहे. कागद म्हणजे वनस्पतीचा तंतू, बांधणीचे कापड म्हणजे कापूस, पुठ्ठ्याची खळ म्हणजे पीठ. पुस्तकांना कसर लागते ती त्यांतील विचारांसाठी नव्हे! सजीवांपासून मिळणाऱ्या अशा द्रव्यांना आता जैवसामग्री म्हणतात, आणि प्लास्टिकला पर्याय म्हणून जगभर तिचा अभ्यास चालू आहे. आपल्या वाचनालयाने आवारातच तिचे एक दालन उभारावे, जेथे डोळ्यांइतकेच हात, नाक आणि कानही शिकतील, अशी माझी सूचना आहे.

ही कल्पना वर्गात सुचली. एका पाठात ‘पेळू’ हा शब्द आला. समोरची निम्मी मुले कापूस पिकविणाऱ्या घरांतली; पण एकालाही अर्थ सांगता येईना. पिंजलेल्या कापसाची सूत काढण्याजोगी वळी, असे मी सांगितले. त्यांनी ते निमूटपणे लिहून घेतले. पेळू कोणी पाहिलाच नव्हता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत पांढुर्णा-सौंसरचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये त्याचा पांढुर्णा जिल्हा झाला. बहुतेक मुलांची शाळेची भाषा हिंदी. मराठी उरली ती घरात, शेतात, बाजारात, म्हणजे वस्तूंच्या सोबतीने. वस्तू हातातून सुटली की तिचे नावही सुटते, आणि ते सावरून धरायला येथे पाठ्यपुस्तक नाही.

दालनाच्या दारातच पादत्राणे काढावीत. पायांखाली आधी सारवलेली जमीन, मग बांबूची चटई, गोणपाट, आणि शेवटी सुती सतरंजी यावी. पुढे कापसाचे बोंड, सरकी, रुई, पेळू, सूत, कापड अशी रांग असावी. मुलाने सरकी बोटांनी सोडवून पाहावी. वजनात साधारण एक भाग रुई आणि दोन भाग सरकी भरते, हे तराजूच त्याला सांगेल. नावाच्या पाट्या मराठीत, हिंदीत आणि ब्रेलमध्येही असाव्यात. मेजे मुलांच्या उंचीची हवीत. ‘हात लावू नये’ ही पाटी मात्र एकही नको.

संत्र्याचे तर काय सांगावे! साल दुमडून तिचा फवारा फुगलेल्या फुग्यावर उडविला की फुगा फुटतो. सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते आणि ते रबराला सैल करते. थर्माकोलही त्यात विरघळतो. आपण उकिरड्यावर टाकतो ती ही साल.

आणि पळस. गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या पात्रात उभा राहणारा पळस आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याच्यापायी सांडणाऱ्या रक्ताविषयी मला काय वाटते ते आज बोलत नाही. याच झाडाच्या पानांची पत्रावळ होते, मुळ्यांचा दोर होतो, फुलांचा रंग होतो, आणि डहाळ्यांवर लाखेचा किडा पोसला जातो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका लाखेत दगडाची भुकटी मिसळून करीत. दालनात ग्रामोफोनवर नाट्यपद लागावे आणि शेजारी लाख धरलेली डहाळी ठेवावी. बालगंधर्वांचा स्वर घरोघर पोहोचला तो या किड्याच्या स्रावावर कोरला जाऊन, हे मग निराळे सांगावे लागणार नाही.

हे स्वप्नरंजन नव्हे. वर्ध्याला ग्रामोद्योगांना वाहिलेले मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. कार्यकारिणीने एकदा तेथे जाऊन यावे.

दोन अडचणी मात्र आहेत. सरकीबरोबर कीड येते, म्हणून हे दालन ग्रंथभांडारापासून दूर हवे. आणि हाताळलेली वस्तू झिजते, मळते; ती ऋतूप्रमाणे बदलावी लागेल. दिवाळीच्या सुमारास नवा कापूस, आंबिया आणि मृग बहाराची संत्री, फाल्गुनात पळसफुले. एवढ्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. सभासदांच्या शेतांत हे सारे आहे. ज्यांच्या माळ्यावर टकळी, चरखा वा पिंजणाचे साहित्य पडून असेल, त्यांनी आज जाताना ग्रंथपालांकडे आपले नाव द्यावे. शक्य असल्यास ते वापरता येणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांचेही द्यावे.