एकच पेला, दोन न्याय
(हिंजवडी येथे महिला गटांसमोर केलेले भाषण)



'आडवी बाटली'ला मतं देऊन आपल्या बायांनी गावोगावची दुकानं बंद केली. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली. तो लढा आपलाच आहे. तरीही आज मी दारूच्या चवीबद्दल बोलणार आहे.

नाशिकच्या द्राक्षांची शेनिन ब्लाँ थंडगार घ्या, कोथिंबीरवडीबरोबर छान लागते. गोव्याची काजूफेणी उग्र, घोटभरच पुरे. मोहाची फुलं वेचणाऱ्या आदिवासी बाया. पण त्या फुलांवर इंग्रजांनी 1892 च्या कायद्याने बंधनं घातली.

आपला विरोध चवीला नाही. घरचा पगार गुत्त्यात जातो, मार बाईला पडतो, त्याला आहे. तो प्यायला तर 'शुद्धीत नव्हता' म्हणून माफी. ती प्यायली तर अत्याचारालाही तीच जबाबदार! इथे आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या मुलींना हेच ऐकावं लागतं. दारू मिळते तिथे स्त्रियांना कामबंदी करणारं पंजाबच्या कायद्यातलं कलम 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं. समाजाच्या मनातलं कलम आपल्यालाच खोडायचं आहे.

घेणारीला नावं ठेवू नका, न घेणारीला आग्रह करू नका. आणि मारणाऱ्याला नशेची सबब देऊ नका.